लाकडी पाळण्याची राखण

पूर्णेच्या काठावरचे केदारखेडा आणि जवळचे राजूर यांचे नाते अंगारकी चतुर्थीला विशेष जाणवते. गणपतीच्या साडेतीन पीठांत गणना होणाऱ्या राजुरेश्वराच्या दर्शनासाठी त्या दिवशी साऱ्या भोकरदन तालुक्यातून माणसांची रीघ लागते. दर्शन आटोपले, नारळ फुटला, की पोराबाळांची पावले आपोआप पाळण्यांकडे वळतात. मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या यात्रेत हेच चित्र दिसते. माळेगावच्या खंडोबाचे स्थान असो की पैठणची नाथषष्ठी असो. मात्र हे पाळणे आता बहुतांशी लोखंडी झाले आहेत. ते मोटारीवर फिरतात, रंगीत दिव्यांनी झगमगतात आणि कर्ण्यावरच्या गाण्यांनी कान किटवतात. दोघा माणसांनी हातांनी फिरवायचा, चार खोक्यांचा लाकडी रहाटपाळणा आता शोधावा लागतो. तो दिसेनासा झाला म्हणून हळहळणारे सुशिक्षित पुष्कळ भेटतात. हळहळ स्वस्त असते. लाकडाचे जुने खेळणे जिवंत ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि त्यात बसणाऱ्या लेकरांच्या जिवाची हमी कोणी घ्यायची, हे खरे प्रश्न आहेत. आणि त्यांची उत्तरे हळहळीतून मिळत नाहीत.

ज्यांनी ही उत्तरे कृतीने दिली, अशी काही उदाहरणे जगाच्या पाठीवर आहेत. ती दूरची आहेत, आपल्या जत्रेशी त्यांचा वरकरणी काही संबंध नाही. परंतु लाकूड सर्वत्र सारखेच कुजते, आणि पोरांच्या किंकाळ्याही सगळीकडे सारख्याच असतात. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आल्टूना नावाचे गाव आहे. रेल्वेच्या प्रचंड कारखान्यांमुळे ते नावारूपाला आले. आपल्याकडे परळी म्हटले की वीजकेंद्र डोळ्यांपुढे येते, तसे एके काळी आल्टूना म्हटले की इंजिने आठवत. या गावाच्या लेकमाँट पार्क नावाच्या उद्यानात १९०२ साली लाकडाचा एक रोलर कोस्टर उभा राहिला. ‘लीप द डिप्स’ हे त्याचे नाव. उंची अवघी ४१ फूट. वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे आपल्या शंकरपटातील बैलजोडीही त्याला सहज मागे टाकील. साखळीने गाडी वर ओढायची आणि नंतर उतारावरून तिला आपल्या भाराने सोडून द्यायची, एवढीच त्याची युक्ती. आधुनिक रोलर कोस्टरच्या गाड्यांना रुळाखालून पकडून ठेवणारी चाके असतात, त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जात नाही. ‘लीप द डिप्स’ त्या शोधाच्या आधीचा. त्यात गाडीला धरून ठेवते ती केवळ गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि दोन्ही बाजूंच्या लाकडी कडा. कमरेला पट्टा नाही, पुढे आडवी दांडी नाही.

१९८५ साली हा रोलर कोस्टर बंद पडला. लाकूड सडले होते, दुरुस्तीला पैसा नव्हता. खरे तर तेथेच त्याची कथा संपायची. अमेरिकेसारख्या नव्याच्या मागे धावणाऱ्या देशात तर ती निश्चित संपायची. पण गावकऱ्यांनी आणि हौशी मंडळींनी एक न्यास स्थापन केला, वर्षानुवर्षे निधी गोळा केला. १९९६ साली तेथील केंद्र सरकारने या खेळण्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. आणि १९९९ साली, तब्बल चौदा वर्षांच्या खंडानंतर, ‘लीप द डिप्स’ पुन्हा धावला. जगात उभा असलेला सर्वांत जुना रोलर कोस्टर म्हणून त्याचा उल्लेख होतो.

ज्या राष्ट्राचे वय अडीचशे वर्षांच्या घरात आहे, ते आपले शंभर वर्षांचे खेळणे राष्ट्रीय स्मारक मानते. आपण हजारो वर्षांच्या परंपरेचा अभिमान व्याख्यानांतून सांगतो, तो खोटा नाही. पण त्या अभिमानाची व्याप्ती देवळे, किल्ले आणि ग्रंथ यांच्यापाशी येऊन थांबते. सुताराने घडवलेली, लोकांनी वापरलेली, वापरून झिजलेली वस्तू आपल्या वारशाच्या कल्पनेत बसत नाही. आपला १९५८ चा पुरातत्त्वविषयक केंद्रीय कायदा शंभर वर्षे जुन्या वास्तूला संरक्षण देऊ शकतो. परंतु जो पाळणा आज राजूरला उभा राहिला, पुढच्या आठवड्यात सुटा होऊन गाडीत भरला गेला आणि महिनाभराने दुसऱ्याच यात्रेत उभा राहिला, त्याला कोणते स्मारक म्हणायचे? ज्याचे मागील दहा वर्षांत निम्मे लाकूड बदलले, त्याचे वय तरी कोणते धरायचे?

हा प्रश्न वकिली वाटला, तरी मोलाचा आहे. कारण जुन्या रोलर कोस्टरांच्या बाबतीतही तो तसाच उभा राहतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ल्यूना पार्कमधील ‘सीनिक रेल्वे’ १९१२ पासून धावते आहे. तिच्या गाडीत अजूनही एक माणूस डब्यांमध्ये उभा राहून हाताने ब्रेक लावतो. कोपनहेगनच्या तिवोली उद्यानातील लाकडी रोलर कोस्टर १९१४ चा, तेथेही ब्रेक माणसाच्याच हाती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील ‘सायक्लोन’ १९२७ चा. शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी तो पाडण्याचा घाट घातला गेला होता. लोकांनी तो हाणून पाडला आणि १९८८ साली शहराने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. इंग्लंडमधील मार्गेट येथील ‘ड्रीमलँड’चा रोलर कोस्टर १९२० चा. २००२ साली त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, २००८ साली त्याला आग लागून मोठा भाग जळाला, आणि २०१५ साली तो पुन्हा बांधून काढण्यात आला. या साऱ्यांतील मूळ लाकूड किती उरले आहे, असे विचारले तर उत्तर येईल, फारच थोडे. उन्हाने तडकलेली, पावसाने फुगलेली फळी काढायची आणि त्याच मापाची नवी बसवायची, हे काम तेथे दरवर्षी चालते. मग टिकले ते काय? टिकली ती मापे, टिकली ती जोडणीची रीत, आणि ती रीत जाणणारी माणसे.

आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. पुरीच्या जगन्नाथाचे तिन्ही रथ दरवर्षी नव्याने घडवले जातात. अक्षय्य तृतीयेला काम सुरू होते. नंदीघोषाला सोळा, तालध्वजाला चौदा आणि दर्पदलनाला बारा, अशी बेचाळीस चाके पिढीजात सुतार घडवतात. गेल्या वर्षीच्या रथाचे लाकूड यंदाच्या रथात नसते. तरीही रथ तोच आहे, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो. जपान्यांनी आपल्या इसे येथील मंदिराच्या बाबतीत हीच परंपरा दर वीस वर्षांनी पाळली आहे. तेव्हा वस्तू नव्हे, विद्या जपायची असते, ही दृष्टी आपलीच आहे. ती फक्त देवळाच्या आवाराबाहेर, जत्रेच्या मैदानापर्यंत आली पाहिजे.

आणि लाकूडकामाचा या मातीला परका वारसा नाही. भोकरदनच्या जवळच अजिंठा आहे. तेथील चैत्यगृहांत दगडात कोरलेल्या कमानींच्या फासळ्या पाहा. दगडाला त्यांची गरज नव्हती. लाकडी छत घडवणाऱ्या सुतारांची रीत पाथरवटांनी दगडात उतरवली. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लाकूड अजून छताला आहे. खुद्द भोकरदनला १९७३ साली झालेल्या उत्खननात हस्तिदंताची कोरीव स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिचे साम्य थेट इटलीतील पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जुळते. हस्तिदंत मातीखाली तग धरतो, म्हणून त्याचा कारागीर इतिहासात शिरला. लाकूड तग धरत नाही. म्हणून त्याच काळातल्या इथल्या सुताराचे काम आपल्याला कधीच दिसणार नाही. त्याचा वारसा हातातून हातात गेला तरच राहतो, आणि मध्ये एक पिढी तुटली की संपतो.

जत्रेतला लाकडी पाळणा हा बैलगाडीचा सख्खा भाऊ आहे. एक भक्कम आख, त्यात घट्ट बसलेले आरे, दोन बाजूंना जमिनीत रोवलेले खांब आणि आऱ्यांच्या टोकांना टांगलेली चार खोकी. गाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि धाव यांचे जे गणित, तेच थोड्या फरकाने येथे. फरक असा, की गाडीचे चाक जमिनीवर टेकते आणि पाळण्याचे चाक हवेत फिरते. म्हणजे सारा भार आखावर आणि त्याच्या टेकणीवर येतो. बाभळीचा आख चांगला मुरलेला हवा. ओला वापरला तर वाळताना तो पिळतो आणि पाळणा एका अंगाला ओढतो. समोरासमोरच्या खोक्यांत माणसे वजन पाहून बसवावी लागतात. आमच्या लहानपणी पाळणेवाला मामा पोरांना वर-खाली नजरेने जोखून जागा देई. आम्हांला वाटे, तो पक्षपात करतो. तो तोल सांभाळत असे. आख कुरकुरला की हात थांबे, वंगण घातले जाई, आणि तेवढ्या वेळात वरच्या खोक्यात बसलेल्याला फुकटात गाव पाहायला मिळे.

रहाटपाळणा असो की रोलर कोस्टर, लाकडी खेळण्याचा खरा रक्षक म्हणजे रोज सकाळची तपासणी. जुन्या रोलर कोस्टरांवर पाहुण्यांसाठी फाटक उघडण्यापूर्वी एक माणूस हातोडी घेऊन साऱ्या रुळावरून चालत जातो. ढिला झालेला बोल्ट आवळतो, फळीवर हातोडी वाजवून तिचा आवाज ऐकतो. चांगल्या लाकडाचा नाद वेगळा, आतून कुजलेल्याचा वेगळा. मग गाडी रिकामी सोडून पाहिली जाते. पावसाळी हवेत लाकूड फुगते, कोरड्या उन्हात आकसते. म्हणून काल बरोबर असलेले आज बरोबर असेलच असे नाही. लोखंडात थकवा साठत जातो आणि एके दिवशी ते न सांगता तुटते. लाकूड बहुधा आधी कुरकुरते. पण ते ऐकणारा कान हवा.

हा कान नसेल तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. केवळ गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लंडनच्या बॅटर्सी पार्कमधील ‘बिग डिपर’ हा लाकडी रोलर कोस्टर १९५१ साली सुरू झालेला. ३० मे १९७२ रोजी चढावर असताना गाडी ओढणाऱ्या दोरापासून सुटली, मागे घसरू लागली, तिला अडवणारा ब्रेक चालला नाही, आणि पाच मुले मरण पावली. १९७४ साली तेथील करमणुकीची जागाच बंद झाली. तेथे लाकूड दोषी नव्हते, दोषी होती हलगर्जी. आणि लोखंड म्हणजे सुरक्षा, असे समजणाऱ्यांनी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ रोजी कोसळलेले झुलते यंत्र आठवावे. ते लोखंडाचेच होते आणि त्यातही माणसे दगावली.

२५ मे २०२४ रोजी राजकोटमधील खेळघराच्या आगीत पंचवीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुलेही, जळून मेली. त्यानंतर गुजरात सरकारने जत्रेतील पाळण्यांसाठीही कडक नियम केले. पाळण्याखाली काँक्रीटचा पाया, मातीची तपासणी अशा अटी आल्या आणि राजकोटच्याच जन्माष्टमीच्या प्रसिद्ध लोकमेळ्यात पाळणेवाले आणि प्रशासन यांच्यात पेच निर्माण झाला. प्रशासनाची चिंता समजण्यासारखी आहे. मेलेल्या लेकरांच्या आईबापांपुढे परंपरेची महती सांगायला कोणी जाऊ नये. पण शंभर फुटी, विजेवर फिरणाऱ्या लोखंडी चक्राला आणि वीस फुटांच्या आतल्या, हाताने फिरणाऱ्या लाकडी पाळण्याला एकच नियम लावला, तर त्याचा परिणाम ठरलेला आहे. मोठ्या भांडवलाचा मालक अभियंता आणून कागद पुरे करील. लाकडी पाळणेवाला ते करू शकणार नाही. तो निमूटपणे धंदा सोडील, किंवा परवानगीच न घेता आडबाजूच्या जत्रेत पाळणा लावील. यांपैकी दुसरी शक्यता अधिक भयंकर आहे.

महाराष्ट्रात हा प्रसंग ओढवण्यापूर्वीच विचार झाला पाहिजे. आपल्याकडे सार्वजनिक करमणुकीच्या जागांविषयी नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ ने दिलेला आहे. नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही, नियमांत भेद करण्याची आहे. हाताने फिरणाऱ्या, ठरावीक उंचीच्या आतल्या लाकडी पाळण्यासाठी वेगळा, छोटा, मराठीत लिहिलेला नियम असावा. दररोज सकाळी पाळणा सुरू होण्यापूर्वी जाणत्या सुताराने आख, आरे, खुंट्या आणि खोक्यांच्या टांगण्या पाहाव्यात आणि वहीत तारखेसह सही करावी. माणसे बसवण्याआधी वाळूची पोती भरून पाळणा फिरवून पाहावा. खोक्यात किती जण बसतील, हे रंगाने खोक्यावरच लिहिलेले असावे. पाऊस पडला की पाळणा बंद. यांतील एकाही गोष्टीला काँक्रीट लागत नाही. लागते ते शिस्तीला लागते, आणि शिस्त ही पैशाने विकत मिळणारी वस्तू नव्हे, ही गोष्ट या पानांच्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

परंपरा आणि नियम यांचे भांडण असलेच पाहिजे, असे नाही. बैलगाड्यांच्या शर्यतींचेच पाहा. बंदी आली, वर्षानुवर्षे खटला चालला, राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. आज शर्यत होते ती अटींसह होते. बैलांच्या बाबतीत जे जमले, ते पाळण्याच्या बाबतीत जमू नये काय? अर्थात पाळण्यांच्या पाठीशी मतांचा गठ्ठा नाही, ही अडचण आहेच.

दुसरा मुद्दा सुतारांचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, प्रशिक्षण आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांचे कर्ज, अशी तिची रचना आहे. गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, त्यामुळे खेड्यातला सुतार आता दारे-खिडक्या आणि प्लायवूडच्या कपाटांवर पोट भरतो. त्याला आखाचे काम शिकवणारा जुना माणूस अजून एखाद्या गावात हयात असेल तोवरच या योजनेचा पाळण्याला उपयोग. प्रशिक्षणात पाळणा घडवण्याचा भाग घालणे जिल्हा पातळीवर अशक्य नाही, पण त्यासाठी मागणी कोणीतरी केली पाहिजे. यात्रा समित्यांनी ती करावी.

येथे कोणी म्हणेल, एखादा पाळणा संग्रहालयात ठेवून द्यावा. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्य वेचून अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवले आणि ते राज्याला दिले, म्हणून आज ते पाहायला मिळतात. त्यांच्या ऋणातून महाराष्ट्र उतराई होणार नाही. परंतु अडकित्ता काचेमागे ठेवला तरी अडकित्ताच राहतो. न फिरणारा पाळणा मात्र लाकडाचा ढीग असतो. पुण्याच्याच पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीत आहे ती मुलांना घेऊन धावली म्हणून, शेडमध्ये उभी राहिली म्हणून नव्हे. उलट मुंबईजवळ गोराईला १९८९ साली सुरू झालेले ‘एस्सेल वर्ल्ड’ पाहा. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलीसुद्धा तेथवर जात. २०२२ साली ते बंद झाले. ना कोणी न्यास काढला, ना सभा भरली. एका पिढीचे बालपण जेथे किंचाळले, ती जागा गुपचूप मिटली. खासगी व्यवसाय होता, त्याने हिशेब पाहिला, त्याला दोष देता येणार नाही. पण आल्टूनाच्या गावकऱ्यांना जे आपले वाटले, ते आपल्याला आपले वाटले नाही, एवढे खरे.

रोलर कोस्टरच्या इतिहासातील एक गोष्ट या निमित्ताने सांगण्याजोगी आहे. कोनी आयलंडवर १८८४ साली लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने उतारावरची गाडी सुरू केली, भाडे पाच सेंट. दारूचे गुत्ते आणि तशाच अड्ड्यांपासून लोकांना सोडवून मोकळ्या हवेत निर्मळ करमणूक द्यावी, हा त्याचा हेतू होता, असे सांगतात. आपल्या जत्रांनी हे काम कोणताही गाजावाजा न करता केले आहे. दर्शन, खरेदी, पाहुण्यांच्या भेटी, लेकरांचा पाळणा, आणि दिवेलागणीला घरी. आज केदारखेड्यातले पोर सुट्टीत काय करते? मोबाइलवर मान घालून बसते. त्याला वर उचलून पूर्णेचे पात्र, कपाशीची शिवारे आणि राजूरचा कळस एका दमात दाखवणारे यंत्र अजून आपल्या हाती आहे, आणि ते विजेशिवाय चालते.

अंगारकी वर्षातून एक-दोनदाच येते, पण संकष्टी दर महिन्याला असते. परिसरातील यात्रा समित्यांनी आपापल्या जत्रेत लाकडी पाळणा येतो का, तो कोणाचा आहे, कोणी घडवला, त्याचे मालक वर्षभर कोठे कोठे फिरतात, याची नोंद एका वहीत करावी. खर्च वहीचा आणि पेनाचा. जागेचे भाडे त्या पाळण्यापुरते माफ केले, तरी समितीचे फारसे काही बिघडणार नाही. आणि पाळणेवाल्याला सकाळी लवकर बोलावून, पोती भरून, आधी रिकामा फिरवायला लावावा. वाळू नदीत पुरेशी आहे. निदान अजून तरी.